छायाचित्रण गटाच्या पुढच्या भेटीचे ठिकाण कसे ठरवावे : ठाणे–नवी मुंबईतील नव्या संयोजकांसाठी

वीस-पंचवीस हौशी छायाचित्रकारांच्या गटात कधी ना कधी "पुढची भेट तुम्हीच ठरवा" असे कोणीतरी म्हणते, आणि ही जबाबदारी अंगावर आलेला नवा संयोजक बहुतेक वेळा पहिली चूक त्याच संध्याकाळी करतो. तो गटावर "कुठे जाऊ या?" असा प्रश्न टाकतो. अर्ध्या तासात येऊर, कर्नाळा, माथेरान, अलिबाग आणि लोणावळा ही नावे येतात, कोणीतरी हौसेने लडाखही सुचवते, प्रत्येक नावाला चार अंगठे मिळतात आणि महिनाअखेरीस कोणीही घराबाहेर पडलेले नसते. आमच्या गटाने अशी निदान तीन वर्षे घालवली. त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसली ती येथे पायरीपायरीने मांडली आहे. तिचे सूत्र एवढेच, की ठिकाणाचे नाव सर्वांत शेवटी ठरवायचे. आधी माणसे पाहायची, मग वेळ, मग वाट आणि परवानगी. इतके झाले की उरलेली दोन-तीन नावे आपोआप समोर येतात.

पायरी पहिली : कोण येणार आणि काय घेऊन येणार

गटावर विचारायचा पहिला प्रश्न "कुठे?" हा नसून "पुढच्या महिन्यातील कोणत्या शनिवारी किंवा रविवारी, आणि सकाळी की संध्याकाळी मोकळे आहात?" हा असावा. त्यासोबतच कॅमेरा कोणता आणि लेन्स कोणती हेही विचारून घ्यावे. हा प्रश्न काहींना उगाच चौकशी केल्यासारखा वाटतो, पण निम्मे ठिकाण यातूनच ठरते. गटातील बहुतेकांकडे कॅमेऱ्यासोबत आलेली अठरा ते पंचावन्न मिलिमीटरची लेन्स किंवा नुसता मोबाइल असेल, तर पक्ष्यांच्या जागी जाऊन ते दोन तास दुसऱ्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावत बसतात आणि पुढच्या भेटीला येत नाहीत. पक्षी टिपायचे तर तीनशे मिलिमीटरच्या आसपासची किंवा त्याहून मोठी लेन्स लागते. गटात अशा लेन्स तीन-चारच असतील, तर पक्ष्यांची भेट त्या तिघा-चौघांनी स्वतंत्रपणे करावी आणि सर्वांच्या भेटीसाठी तलावाचा काठ, बाजार, जुनी वस्ती किंवा मंदिर निवडावे. अर्ध्या किलोमीटरच्या टप्प्यात माणसे, वास्तू आणि पाणी किंवा झाडे, असे निदान तीन प्रकारचे विषय मिळतील अशी जागा नवोदितांच्या पहिल्या भेटीसाठी उत्तम. ठाण्यातील तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलाव, या कसोटीला सहज उतरते. तेथे काठावरची माणसे आहेत, शेजारी कोपिनेश्वराचे मंदिर आहे, बोटी आहेत, आणि संध्याकाळी दिवे लागले की पाण्यातली प्रतिबिंबेही मिळतात. घराजवळचे म्हणून या ठिकाणाला नाक मुरडणारे सदस्य प्रत्येक गटात असतात. त्यांना पहाटे सहाची तलावपाळी कधी पाहिली आहे का, असे विचारावे.

सदस्यांची संख्याही येथेच मोजावी, कारण प्रत्येक जागेला माणसे पेलण्याची मर्यादा असते. तलावाच्या बांधावर वीस जण सहज उभे राहतात, जंगलातील पायवाटेवर सहा-सात जण पुरे होतात आणि एखाद्या वस्तीच्या अंगणात चार जणही जास्त होतात. कर्नाळ्यासारख्या दाट झाडीच्या अभयारण्यात अठरा जणांचा घोळका गेला, तर पुढच्या दोघांना पक्षी दिसतात आणि मागच्या सोळांना फक्त पुढच्यांच्या पाठपिशव्या. बारापेक्षा जास्त माणसे असतील तर दोन तुकड्या कराव्यात आणि प्रत्येकीला एक अनुभवी सदस्य द्यावा, किंवा मग जागाच मोकळी निवडावी. ज्येष्ठ सदस्य किंवा लहान मुले सोबत असतील तर स्वच्छतागृह आणि बसायला सावली या दोन गोष्टी प्रकाशाइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात.

पायरी दुसरी : वेळ, म्हणजे सूर्य आणि भरती

ही पायरी सर्वांत मोठी आहे आणि नवे संयोजक नेमकी हीच वगळतात.

सूर्याचे गणित तुलनेने सोपे आहे. आपल्याकडे जानेवारीच्या मध्याला सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, तर मेअखेरीस तो सहाच्या आसपास येतो. सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस सहाला आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर होतो. उगवल्यानंतरचा आणि मावळण्यापूर्वीचा साधारण तासभर, ज्याला छायाचित्रकार गोल्डन अवर म्हणतात, तो हाती लागेल अशीच भेटीची वेळ ठेवावी. याचा व्यावहारिक अर्थ असा, की जानेवारीत सकाळी पावणेसातला जमले तरी चालते, पण मे महिन्यात सकाळची भेट ठेवायची तर पहाटे साडेपाचला जमावे लागते आणि तेवढ्या लवकर निम्मा गट येत नाही. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळची भेट ठेवणे शहाणपणाचे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी तर सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. तो शून्य सावलीचा दिवस हा गमतीचा विषय म्हणून टिपता येतो, पण त्या प्रकाशात माणसांचे चेहरे घेऊ नयेत, कारण डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी येतात.

सूर्याची दिशा मात्र नकाशावर पाहावी लागते, आणि ठाण्याच्या परिसरात डोंगर व खाडी यांमुळे ती हमखास फसवते. उपवन तलाव येऊरच्या डोंगरांच्या पूर्व पायथ्याशी आहे, त्यामुळे तेथे पंचांगातील सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी सूर्य डोंगराआड जातो. "उपवनला सूर्यास्त टिपू" असे ठरवून सहाला पोहोचणारा गट निळसर सावलीत उभा राहतो. तेथे सकाळी जावे, म्हणजे पूर्वेचे ऊन थेट डोंगरावर पडते आणि समोरचे हिरवे उतार उजळून निघतात. ठाण्याच्या खाडीचेही असेच आहे. खाडी साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली असल्यामुळे ऐरोली-वाशीच्या काठावरून पाहताना तोंड पश्चिमेकडे आणि सकाळचा सूर्य पाठीशी असतो. तोच सूर्य भांडुप-मुलुंडच्या काठावरून अगदी डोळ्यांसमोर येतो. पक्ष्यांचे रंग हवे असतील तर सकाळी नवी मुंबईचा काठ आणि संध्याकाळी मुंबईचा काठ निवडावा. फक्त काळ्या आकृत्या हव्या असतील तर हे सर्व उलटे करावे.

आता भरती. खाडीकाठच्या कोणत्याही ठिकाणासाठी घड्याळाआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक उघडावे, हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. नेरुळ-सीवूड्स भागातील डीपीएस शाळेजवळच्या तलावावर आम्ही एकदा बावीस जण मार्चमधील प्रसन्न सकाळी गेलो होतो. प्रकाश सुंदर होता, सदस्य वेळेवर आले होते आणि तलावात चार शेकाटे, म्हणजे लांब पायांचे पाणपक्षी, सोडून काहीही नव्हते. ओहोटी असल्यामुळे सर्व रोहित पक्षी दूर खाडीच्या चिखलावर चरत होते आणि आमच्या वाट्याला क्षितिजावरची एक गुलाबी रेघ आली. त्यामागचे कारण साधे आहे. ज्यांना आपण फ्लेमिंगो, रोहित किंवा अग्निपंख म्हणतो, ते ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. भरतीने तो चिखल पाण्याखाली गेला की ते उथळ पाण्याच्या आतल्या जागांवर, म्हणजे अशा तलावांवर किंवा टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर, विसाव्याला येतात. त्यामुळे तलावावर जायचे तर भरतीच्या आसपास पोहोचावे लागते, आणि ओहोटीला काठावरून पक्षी फार लांब राहतात.

भरतीची वेळ काढण्याची जुनी पद्धत अजून उपयोगी पडते. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती साधारण दुपारी बारा-साडेबाराला आणि पुन्हा मध्यरात्रीच्या सुमारास येते, आणि पुढे दररोज ती पाऊण तासाने उशिरा येत जाते. म्हणून तिथीला पाऊणाने गुणले की भरतीच्या वेळेचा अंदाज मिळतो. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, अशी ती येते. हा अंदाज अर्ध्या-एक तासाने चुकू शकतो, आणि ठाण्याच्या खाडीत आतपर्यंत पाणी चढायला किनाऱ्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून अंतिम वेळ नेहमी छापील किंवा मोबाइलवरील वेळापत्रकातूनच घ्यावी. पण महिन्यातील कोणता आठवडा आपल्या कामाचा आहे, हे कालनिर्णयच्या पानावरूनही कळते.

येथे एक पेच लक्षात घ्यावा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त चढते, म्हणजे कोळी ज्याला उधाण म्हणतात ती भरती येते आणि चिखलाचा बराच भाग बुडतो. मात्र ती नेमकी भर दुपारी येत असल्यामुळे प्रकाश निरुपयोगी असतो. अष्टमी-नवमीला भरती सकाळी-संध्याकाळी येते, पण तेव्हा भांगाचे पाणी असते, ते फार चढत नाही आणि पक्ष्यांना चिखल सोडण्याची गरज कमी पडते. मधला मार्ग दोन ठिकाणी सापडतो. पंचमी-षष्ठीच्या सुमारास भरती दुपारी तीन ते साडेचारच्या दरम्यान येते, म्हणजे उतरत्या उन्हात पक्षी तलावावर असतात. एकादशी-द्वादशीच्या सुमारास ती सकाळी आठ-नऊला येते. रोहित पक्ष्यांची भेट याच दिवसांजवळच्या शनिवार-रविवारी ठेवावी, हा आमचा आता न मोडणारा नियम झाला आहे. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे असतो आणि संख्या उन्हाळ्याकडे वाढते. तलावात पाणी किती आहे, हे खाडीतून येणारे प्रवाह मोकळे आहेत की नाहीत यावरही अवलंबून असल्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये.

खाडीच्या आत जायचे असेल, तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटी हा नवोदितांसाठी सोपा मार्ग आहे. ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला. त्यामुळे तेथे खासगी होडी करून पक्ष्यांमध्ये घुसणे हा प्रकार मनातही आणू नये. केंद्राच्या बोटींच्या वेळा भरतीप्रमाणे ठरतात आणि हंगामात जागा लवकर भरतात, म्हणून आधी आरक्षण मिळते का ते पाहावे आणि मगच गटाला तारीख द्यावी. बोट हलत असल्यामुळे ट्रायपॉडचा उपयोग नसतो आणि शटरचा वेग मोठा ठेवावा लागतो. हे आधी सांगून ठेवले नाही तर घरी परतल्यावर सर्वांची चित्रे हललेली निघतात.

पायरी तिसरी : महिना

वेळ ठरली की महिन्याप्रमाणे काही ठिकाणे आपोआप गळतात. जून ते सप्टेंबर या काळात धबधब्यांचा मोह सर्वांना होतो. खारघरचा पांडवकडा, येऊरचे ओढे आणि बदलापूर-कर्जत पट्ट्यातील बहुतेक धबधबे या काळात जीवितहानीच्या भीतीने जिल्हा प्रशासनाच्या किंवा पोलिसांच्या मनाई आदेशाखाली येतात, आणि गट संयोजकाच्या भरवशावर आलेला असल्यामुळे तो आदेश मोडण्याची मुभा संयोजकाला मुळीच नसते. पावसाळ्यात छपराखालची ठिकाणे शोधावीत. माझे आवडते ठिकाण पेण आणि त्याजवळचे हमरापूर आहे, जेथे गणेशोत्सवाच्या आधीचे काही महिने घरोघरी गणेशमूर्तींचे कारखाने गजबजलेले असतात. ओळीने मांडलेल्या पांढऱ्या मूर्ती, खिडकीतून येणारा मऊ पावसाळी उजेड आणि डोळे रेखणारा एक हात, यासाठी साधी लेन्सही पुरते. मूर्ती सुकण्याच्या आणि रंगकामाच्या दिवसांत कारागिरांना श्वास घ्यायलाही वेळ नसतो, म्हणून चतुर्थीच्या आधीचे शेवटचे दोन आठवडे टाळावेत आणि कारखान्याच्या मालकांशी आधी बोलून पाच-सहांच्या तुकड्यांनी जावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वच ठिकाणांना मानवतो, फक्त हिवाळ्यातील धुरकट हवेमुळे लांबची दृश्ये विरून जातात. म्हणून पारसिकच्या टेकडीवरून किंवा खारघरच्या डोंगरावरून शहर टिपण्याचा बेत थंडीपेक्षा पाऊस नुकताच सरलेल्या दिवसांत ठेवावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊरकडे पळस, पांगारा आणि सावर फुलतात. सावरीच्या झाडावर मैना, कोतवाल आणि खारी इतक्या गर्दी करतात, की झाडाखाली शांतपणे उभे राहणाऱ्याला मध्यम लेन्सनेही चांगले क्षण मिळतात. एप्रिल-मेमध्ये वाशीच्या घाऊक फळबाजारात हापूसच्या पेट्यांचा हंगाम असतो, पण तो बाजार कामाचा आहे. हमालांच्या वाटेत उभे राहून चित्र घेणाऱ्याला तेथे योग्य ते ऐकून घ्यावे लागते. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा किंवा टेंभी नाक्याची नवरात्र यांसारखे प्रसंग मोठे आकर्षक असले, तरी गटाची पहिली भेट तेथे ठेवू नये. गर्दीत गट दहा मिनिटांत फुटतो आणि संयोजकाचा दिवस माणसे शोधण्यात जातो.

पायरी चौथी : वाट

ठिकाण कितीही चांगले असले तरी सूर्योदयाआधी तेथे पोहोचण्याचे साधन नसेल तर ते यादीतून काढावे. बदलापूरच्या सदस्याला सकाळी साडेसहाला नेरुळला यायचे असेल, तर त्याला ठाण्याला गाडी बदलावी लागते. त्याची गाडी किती वाजता आहे, हे सर्वांत लांब राहणाऱ्या सदस्याच्या बाजूने तपासावे. ट्रान्स हार्बर मार्गामुळे ठाणे, वाशी, नेरुळ आणि पनवेल एकमेकांना जोडलेले आहेत, आणि जानेवारी २०२४ पासून नेरुळ-बेलापूरहून लोकल उरणपर्यंत जात असल्यामुळे पूर्वी गाडी काढावी लागत असे ती ठिकाणेही आता आवाक्यात आली आहेत. रविवारचा मेगाब्लॉक मात्र विसरू नये. तो साधारणपणे सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत असतो, म्हणजे सकाळच्या भेटीला जाताना काही जाणवत नाही आणि परतताना दोन तास फलाटावर काढावे लागतात. शुक्रवारी-शनिवारी जाहीर होणारा तपशील पाहूनच शेवटचा निरोप पाठवावा. शक्य असेल तर पहिल्या दोन-तीन भेटी शनिवारी ठेवून पाहाव्यात.

स्थानकापासून पुढचे अंतर रिक्षांमध्ये मोजावे, कारण एका रिक्षात तीनच जण बसतात आणि बारा जणांना पहाटे एकाच वेळी चार रिक्षा मिळतीलच असे नाही. एक किलोमीटरच्या आतले ठिकाण असेल तर चालतच जावे. वाटेतही चित्रे मिळतात, आणि ट्रायपॉड घेऊन आलेल्यांना पुढच्या वेळी तो घरी ठेवण्याची बुद्धी होते.

पायरी पाचवी : परवानगी आणि तेथील माणसे

या पायरीत घाई करू नये, पण घाबरूनही जाऊ नये. बहुतेक सार्वजनिक जागी स्वतःच्या हौसेसाठी हातातल्या कॅमेऱ्याने चित्र घेण्याला अडचण येत नाही. अडचण ट्रायपॉड, ड्रोन आणि घोळका या तीन गोष्टींनी सुरू होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉडला स्वतंत्र परवानगी लागते. अंबरनाथचे शिवमंदिर हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. शिलाहार काळातील, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाने ओळखले जाणारे हे भूमिज शैलीचे मंदिर काळ्या दगडातील कोरीव कामासाठी गटाच्या भेटीला फार चांगले आहे. काळा दगड आणि कडक ऊन यांचे पटत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीत जावे. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि भर दुपारीही सुमारे ४७-५३ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे भिंतींवर तिरके ऊन पडून मूर्तींचे उठाव दिसतात. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला ते मंदिर भाविकांचे असते. त्या दिवशी कॅमेरे घेऊन घोळक्याने जाणे उचित नाही.

येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्यामुळे वन विभागाच्या फाटकावरील नियम आणि वेळा पाळाव्या लागतात. उरण-करंजा परिसरात नौदलाच्या आस्थापना असल्यामुळे तिकडे कॅमेरा कोणत्या दिशेला वळतो याचे भान ठेवावे. रेल्वे स्थानके, मॉल आणि बाजार समित्या यांच्या आवारात गटाने काम करायचे असेल तर आधी लेखी विचारणे बरे. ड्रोनबाबत २०२१ च्या नियमांनुसार आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागलेले आहे, आणि २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून या भागातील नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन उडवण्याचा विचारही करू नये. आमच्या गटात आम्ही ड्रोन सरळ बंदच ठेवला आहे. पक्षी बिथरतात, आणि इतर सदस्यांच्या चित्रांत तो भुंग्यासारखा येतो.

वस्त्यांच्या बाबतीत कायद्यापेक्षा रीत महत्त्वाची असते. सीबीडी बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज पाहायला वास्तुप्रेमी आवर्जून जातात. नवी मुंबईच्या आखणीशी जोडलेले वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सात-सात घरांचे पुंजके एका अंगणाभोवती रचून ती वसाहत उभी केली. पण ती अंगणे आज लोकांच्या घरांची आहेत, प्रदर्शनाची दालने नव्हेत. अशाच एका निवासी वसाहतीत आम्ही एकदा सतरा जण न विचारता शिरलो आणि एका आजींनी "इथे काय मयत झाली आहे का, इतकी माणसे कशाला?" असे विचारले, तेव्हा सर्वांची मान खाली गेली. चार जणांनी जावे, भेटेल त्याला विचारावे आणि नकार आला तर कॅमेरा पिशवीत ठेवावा. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यात सकाळी होड्या येतात तेव्हाही हेच लागू होते. भरतीच्या वेळेवर तेथील कामाचे घड्याळ चालते, म्हणून आधी एकदा जाऊन होड्या केव्हा लागतात ते तेथील मंडळींना विचारावे आणि मासळी विकणाऱ्या मावशींचे चित्र घेतल्यावर दोन वाटे विकत घ्यावेत. बाजारभावापेक्षा फार कमीही मागू नयेत.

पक्ष्यांबाबत आम्ही तीन गोष्टी कटाक्षाने बंद केल्या आहेत. उडतानाचे चित्र मिळावे म्हणून खडा मारणे किंवा टाळी वाजवणे, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावणे, आणि घरट्याजवळ जाणे. हे ज्याला मान्य नाही त्याला पुढच्या भेटीचा निरोप जात नाही.

पायरी सहावी : रेकी, आणि मग दोनच पर्याय

आतापर्यंतच्या चाळणीतून बहुधा दोन-तीन नावे उरतात. त्या प्रत्येक ठिकाणी संयोजकाने किंवा त्याच्या सहकाऱ्याने भेटीच्या आधीच्या आठवड्यात, भेटीच्याच वेळी, एकदा जाऊन यावे. चित्रपटवाले याला रेकी म्हणतात आणि तोच शब्द आता आमच्याकडेही रूढ झाला आहे. रेकीत चित्रे काढू नयेत, म्हणजे फार काढू नयेत. ऊन कोणत्या बाजूने येते, उभे राहायला किती जागा आहे, मोकाट कुत्री आहेत का, रस्ता खोदलेला आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे आणि सकाळी आठनंतर चहा-नाश्ता कुठे मिळेल, हे पाहावे. शेवटचा मुद्दा हलका समजू नये. ठाण्यातील आमच्या सकाळच्या भेटींची उपस्थिती मिसळ जवळ असली की स्पष्टपणे वाढते, आणि चित्रांवरची खरी चर्चाही त्या टेबलावरच होते.

रेकीनंतर गटासमोर फक्त दोन पर्याय ठेवावेत आणि दोन दिवसांत कौल घ्यावा. तीन पर्याय दिले की मते फुटतात आणि चौथा पर्याय सुचवला जातो. हरलेला पर्याय फेकून देऊ नये. मुख्य ठिकाणी ऐनवेळी काही आडवे आले तर तोच राखीव ठरतो, म्हणून दोन्ही ठिकाणे शक्यतो एकाच रेल्वेमार्गावरची निवडावीत. शेवटच्या निरोपात वेळ, जमण्याची जागा, भरती किंवा सूर्यास्त, लेन्स, परतीची सोय आणि रद्द होण्याची अट एवढे सर्व एकाच ठिकाणी लिहावे, म्हणजे शनिवारी रात्री पंधरा जणांना तेच तेच उत्तर द्यावे लागत नाही. आमच्या एका फेब्रुवारी भेटीचा निरोप नमुना म्हणून देतो :

"रविवार, दुपारी तीन वाजता सीवूड्स-दारावे स्थानकाच्या तिकीट खिडकीजवळ जमावे. भरती पावणेचारला, सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास. विषय : तलावावरचे रोहित आणि काठावरची माणसे. टेली लेन्स असल्यास आणावी, नसल्यास साध्या लेन्सवाल्यांचा दुसरा गट काठावरच्या माणसांसाठी वेगळा निघेल. ट्रायपॉड आणू नये. मेगाब्लॉक चारपर्यंत आहे, येताना एक गाडी आधीची पकडावी. तलावात पाणी नसल्याचे दुपारी एकपर्यंत कळले तर सर्वांनी त्याच वेळेला थेट तलावपाळीवर, बोटींच्या बाजूला यावे. पाणी आणि टोपी विसरू नये."